पहिली एअर रायफल घेताना: कमी बजेटमधली नेमबाजी आणि कोठारातले उंदीर

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं. त्यानंतर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात एअर रायफलची चौकशी करणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. माझी मुलगी चार वर्षांपासून १० मीटर एअर रायफल खेळते, आणि घरी भाताचं कोठार असल्यामुळे उंदीर-घुशींशीही माझा रोजचा सामना आहे. त्यामुळे ओळखीचे लोक मला फोन करतात. कुणी पोराला रेंजवर घालायचं म्हणतं, कुणी शेतात नुकसान होतंय म्हणतं, आणि दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: "स्वस्तात चांगली कुठली?"

या प्रश्नाला एका मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला चुकीची रायफल घेतली, पैसे घालवले आणि वर्षभरात ती विकून टाकली. तुमची तशी फरफट होऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

१. आधी ठरवा: नेमकं मारायचं काय?

कागदावर नेम धरायचा असेल तर वाट सरळ आहे. दहा मीटर अंतर, कागदी टार्गेट, ४.५ मिमीचा छर्रा. या खेळाची शिस्त शिकायला महागडी रायफल लागत नाही.

"शेतातल्या उपद्रवासाठी हवी" असं म्हणणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. उपद्रव म्हणजे कोण? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा वानर, माकडं, रानडुक्कर, मोर, पोपट, ससे असं येतं. यांपैकी कशावरही एअर रायफल रोखायची नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे, २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी या कायद्यात हानिकारक प्राण्यांची एक वेगळी अनुसूची असायची, ती या दुरुस्तीत काढून टाकली. मोर तर अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. "मारायचं नव्हतं, नुसतं हुसकवायचं होतं" असं सांगून सुटका होत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत इजा करणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. गावातल्या कुत्र्या-मांजरांवर छर्रा झाडणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या शेजारच्या वाडीत एका वानराच्या मांडीत छर्रा बसला. मारण्याइतकी ताकद त्या छर्ऱ्यात नव्हती. जखम चिघळली, आणि ते जनावर आठ-दहा दिवस एकाच फणसावर बसून होतं. कळपानं फणस खायचे ते खाल्लेच. नुकसान टळलं नाही, एका जिवाचे हाल तेवढे झाले.

पिकाचं नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज करा. वेळ जातो, हेलपाटे होतात, तरी खरा मार्ग तोच.

मग एअर रायफलसाठी उरतं काय? घरात, कोठारात, गोठ्यात येणारे उंदीर आणि घुशी. एवढंच. त्याबद्दल सातव्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

२. परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे दोन आकडे पाठ करा: ४.५ मिमी आणि २० ज्यूल. नळीचा व्यास ४.५ मिमी, म्हणजे दुकानात ज्याला पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणतात तो, आणि ताकद २० ज्यूलच्या आत, अशा एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. म्हणजे पॉइंट टू टू, ५.५ मिमीची एअर रायफल "साहेब, जरा जास्त दम आहे" म्हणून कुणी विनापरवाना देऊ केली तर ती घेऊ नका.

परवाना नाही म्हणजे कुठंही मिरवावी असं नाही. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. पेपरात कोपऱ्यात ती बातमी येते आणि आपण वाचत नाही. त्या आदेशात शस्त्रं बाळगून फिरायला बंदी असते. अशा वेळी रेंजवर जायचं असेल तर आधी क्लबमध्ये फोन करून विचारा.

दुसरा सापळा कोल्हापूर-सातारकरांसाठी. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. राधानगरी, कोयना, चांदोली अशा भागांतून सहलीला जाताना डिकीत रायफल विसरून राहिली, तर नाक्यावर उत्तर देता येणार नाही. घरून निघतानाच डिकी बघा.

अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, कारण तिथल्या जंगलातले पक्षी या छर्ऱ्यांनी संपत चालले होते. शेकडो गावकऱ्यांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. आपल्याकडे परवान्याची मोकळीक टिकायची असेल तर ज्यांच्या हातात रायफल आहे त्यांनी तिचा मान राखायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

३. रायफल घेण्याआधी एक महिना रेंजवर जा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात.

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात आहे, पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांची अकादमी आहे. कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत घडवल्या, तेव्हा इथं रेंज आणि प्रशिक्षक मिळायला अडचण नाही. जिल्ह्याच्या बहुतेक ठिकाणी आता लहान-मोठे दहा मीटरचे क्लब आहेत. क्लबच्या रायफली असतात. फी भरून महिनाभर त्यांवर सराव करा.

या महिन्यात तीन गोष्टी कळतात. पोराला हे खरंच आवडतंय का, की चार दिवसांचं वेड आहे. त्याच्या उंचीला, हाताला कसली रायफल बसते. आणि पुढं स्पर्धा खेळायची की घरच्या घरी नेम धरण्यात समाधान आहे.

स्पर्धेचा विचार असेल तर हेही समजून घ्या. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, पेनानं टेकवलेल्या ठिपक्याएवढा. साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. त्यासाठी वापरतात त्या वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ अशा परदेशी मॅच रायफली काही लाखांत जातात. पहिल्या वर्षी त्या घेण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे ओपन साइटचे, म्हणजे नळीवरच्या साध्या खाच-माशीनं नेम धरणाऱ्यांचे, वेगळे गट असतात, त्यांत साधी देशी रायफल घेऊन उतरता येतं. माझी मुलगी पहिली जिल्हा स्पर्धा तशीच खेळली.

४. यंत्रणा समजून घ्या

दुकानात तीन प्रकार समोर येतील.

पहिला, स्प्रिंगची ब्रेक बॅरल. नळी मोडायची, स्प्रिंग दाबली जाते, छर्रा भरायचा, नळी बंद करायची. बाहेरून हवा, पंप, सिलेंडर काही लागत नाही. दुरुस्ती सोपी, आयुष्य मोठं. आमच्या आजोबांच्या पिढीत इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या एअरगन याच जातीच्या होत्या, आणि त्यांतल्या काही अजून चालतात. कमी बजेटवाल्यांसाठी माझं उत्तर हेच. साध्या देशी रायफली पाच-सात हजारांपासून मिळतात, आणि दहा ते वीस हजारांत जरा नीट घडलेली, चांगल्या ट्रिगरची मिळते. प्रेसिहोल, एसडीबी अशी देशी नावं बाजारात आहेत. किंमत दर सणाला बदलते, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा.

दुसरा, गॅस रॅम. बाहेरून तशीच, आत स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचा सिलेंडर. झटका जरा कमी विचित्र, पण बिघडला तर सुटा भाग मिळवणं जिकिरीचं. नवख्यानं यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

तिसरा, पीसीपी. यात हवा आधीच २०० बारच्या आसपास दाबानं भरून ठेवलेली असते. झटका जवळजवळ नाही, नेम सुरेख. देशी पीसीपी साधारण तीस-चाळीस हजारांच्या घरात सुरू होते, पण खरा खर्च हवेचा आहे. हातपंप वेगळा, मोठा सिलेंडर घेतला तर तो वेगळा, भरून आणायची सोय वेगळी. क्लबमध्ये हवा भरून मिळत असेल तरच याकडे वळा.

स्प्रिंगच्या रायफलीचा एक गुण आणि तोच तिचा अवगुण: ती शिस्त शिकवते. पिस्टन पुढं जाऊन आदळतो, त्यामुळे रायफल आधी मागं आणि लगेच पुढं झटका देते, आणि हे सगळं छर्रा अजून नळीत असतानाच घडतं. घट्ट आवळून धरली की दर वेळी वेगळी उसळते. पुढचा हात नुसता खाली, तळहात उघडा ठेवून धरायचा, रायफल त्यावर टेकवायची, तिला तिच्या मनासारखं हलू द्यायचं. ज्याला स्प्रिंगरवर नीट नेम जमला त्याला मॅच रायफलवर जाताना त्रास होत नाही.

५. डब्यावरच्या वेगाला भुलू नका

मी इथंच फसलो होतो. डब्यावर "१००० फूट प्रति सेकंद" असं ठळक लिहिलेलं. वर एक दुर्बीण फुकट. मला वाटलं, वेग जास्त म्हणजे रायफल भारी.

हिशोब करून बघा. छर्ऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग मीटरमध्ये, भागिले २०००, म्हणजे ताकद ज्यूलमध्ये. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. नेहमीचा ०.५४ ग्रॅमचा शिशाचा छर्रा खरंच त्या वेगानं गेला तर ताकद २५ ज्यूलच्या वर जाते, म्हणजे रायफल परवान्याच्या कक्षेत आली. मग डब्यावरचा आकडा येतो कुठून? ०.३५ ग्रॅमचा हलका मिश्रधातूचा छर्रा घालून. त्याच वेगाला तो जेमतेम १६ ज्यूल देतो. असले हलके छर्रे नेमाला फारसे उपयोगी नसतात. ०.५४ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी २० ज्यूलची मर्यादा २७२ मीटर प्रति सेकंदाला येते. आणि ऑलिंपिकच्या मॅच रायफली? १७० मीटरच्या आसपास, म्हणजे आठ ज्यूलसुद्धा नाहीत. अर्धा मिलिमीटरचा ठिपका त्या तेवढ्या ताकदीत भेदतात.

ताकद जास्त म्हणजे स्प्रिंग दांडगी, नळी मोडायला जोर जास्त, झटका जास्त, नेम कमी. माझ्या त्या पहिल्या रायफलीनं दहा मीटरवर पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत पसरवले. फुकट मिळालेल्या दुर्बिणीतली फुली चाळिसाव्या छर्ऱ्याच्या आसपास तिरकी झाली, कारण साध्या दुर्बिणी फक्त मागच्या झटक्यासाठी बनवलेल्या असतात, स्प्रिंगरचा पुढचा झटका त्यांना सोसत नाही. दुकानदारानं बदलून दिली नाही. रेंजवरच्या सरांनी ती काढून ठेवायला लावली, ओपन साइटवर चांगले छर्रे भरून दिले, आणि पसारा एकदम निम्म्यावर आला.

म्हणून: दहा ते पंधरा ज्यूलची, ओपन साइट असलेली रायफल बघा. दुर्बीण नंतर, आणि घ्याल तेव्हा एअर रायफलसाठीच बनवलेली घ्या.

६. दुकानात हातात घेऊन पारखा

ऑनलाइन मागवायचा मोह आवरा. निदान पहिली तरी हातात घेऊन घ्या.

दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खळगीत टेकवा आणि हात पुढं करा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर दस्ता लांब आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी हीच अडचण येते, आणि "मोठा झाला की बसेल" म्हणून घेतलेली रायफल त्याची सगळी ढब बिघडवते.

मुलालाच नळी मोडायला सांगा. दहा वेळा. दहाव्या वेळी हात थरथरला तर ती रायफल त्याची नाही.

नळी बंद करून तिला बोटांनी डावी-उजवी हलवून बघा. किंचितही खेळ जाणवला तर दुसरा नग मागा. सांध्यातला सैलपणा कुठल्याही साइटनं भरून निघत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत यावा: पहिला मऊ, मग एक थांबा, मग काच फुटावी तसा स्वच्छ सुटावा. पण रिकामी झाडून बघू नका. पुढं छर्रा नसला की पिस्टन थेट धातूवर आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. छर्रा घालून झाडून दाखवायची सोय ज्या दुकानात आहे ते दुकान निवडा.

जुनी घेताना ट्रिगरचे स्क्रू, दस्त्याला तडा, नळीच्या तोंडाला ठेच लागली आहे का हे बघा. जुनी मॅच रायफल कुणी स्वस्तात देत असेल तर तिच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख वाचा. उत्पादक त्यांना दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपत आलेला सिलेंडर बदलायचा खर्च धरला की ती स्वस्ताई उरत नाही.

कागदपत्रं आणि सामान

दुकानात लागतील: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, बिल मोठं असेल तर पॅन. वय १८ पूर्ण हवं. मुलासाठी घ्यायची असेल तर पालकांनी स्वतःच्या नावावर घ्यावी. बिलावर रायफलचा क्रमांक आणि व्यास लिहून घ्या. बिलाची एक प्रत रायफलच्या बॅगेत कायम ठेवा. मला एकदा निपाणी रस्त्याला नाकाबंदीत थांबवलं होतं. बिल आणि क्लबचं ओळखपत्र दाखवलं, हवालदारांनी क्रमांक ताडून बघितला आणि पाच मिनिटांत सोडलं. ती प्रत घरी कपाटात असती तर दुपार तिथंच गेली असती.

परदेशी संकेतस्थळावरून थेट रायफल मागवू नका, कस्टममध्ये अडकते. स्पर्धक नेमबाजांना आयातीसाठी परवानगीची वेगळी वाट असते, ती क्लबमार्फत कळेल.

रायफलबरोबर लगेच घ्यायचं सामान: डोळ्यांना संरक्षक चष्मा (प्रत्येकासाठी एक), तीन-चार प्रकारचे छर्रे, कडक किंवा जाड अस्तराची बॅग, कुलपाची पेटी, टार्गेटचे कागद. बजेट पंधरा हजार असेल तर रायफलवर दहा खर्च करा, पाच यासाठी राखून ठेवा.

छर्ऱ्यांवर कंजुषी करू नका. सपाट तोंडाचा छर्रा कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतो, दहा मीटरला तोच. घुमटाकार छर्रा लांब अंतरावर बरा. टोकदार छर्रा दिसायला जबर, पण नेमात बहुधा मागं पडतो. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, म्हणून एकदम पाच डबे घेऊ नका. एकेक डबा घ्या, प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे टेकू देऊन झाडा. दहा मीटरवर पाच भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर ती जोडी जमली. मग त्याच छर्ऱ्याचे डबे भरा.

७. उंदीर-घुशींसाठी वापरायचीच असेल तर

स्पष्ट सांगतो, कोठारातल्या शंभरातले नव्वद उंदीर सापळ्यानं, पिंजऱ्यानं आणि बिळं बुजवून जातात. दाराखालच्या फटीला पत्रा ठोका, पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर ठेवा. गव्हाणी घुबड आणि धामण या दोघांना तुमच्या आवारात नांदू द्या, त्यांच्याइतकं काम कुठलीच रायफल करणार नाही. रायफल उरते ती सापळ्याला न फसणाऱ्या एखाद्या थोराड घुशीसाठी.

तिथंही नियम पाळा. अंतर सात-आठ मीटरच्या आत. डोक्यावरच नेम, नाहीतर झाडू नका. जखमी घूस बिळात जाऊन मरते आणि आठवडाभर वास मारतो, तिचेही हाल होतात. मागं दगडी भिंत, फरशी किंवा लोखंडी पिंप असेल तर छर्रा उलटून तुमच्याकडे येतो. मागं मातीचा ढिगारा किंवा वाळूची पोती हवीत. धान्याच्या पोत्याच्या दिशेनं कधीही झाडू नका. छर्रा शिशाचा असतो, आणि ते धान्य तुमच्याच घरात दळलं जाणार आहे. गोठ्यात जनावरं असताना रायफल आत नेऊच नका.

मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, तो उंदरांच्याच मुतातून पसरतो. हातमोजे घाला, खोल पुरा, जागा धुऊन काढा.

८. घरातली रेंज

दहा मीटरची सरळ जागा मिळाली तर उत्तम: लांब पडवी, गच्ची, बंद पडलेलं गुऱ्हाळ. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवा, स्पर्धेत तसाच असतो. पाच मीटरचीच जागा असेल तर निम्म्या आकाराचं टार्गेट लावा, सरावाला चालतं.

छर्रा अडवायला मी लाकडी खोका वापरतो, फूटभर खोल, आत जुनी वर्तमानपत्रं आडवी गच्च दाबून भरलेली, मागं जाड पोलादी पत्रा. पत्रा एकटा वापरू नका. नुसता प्लायवूडही नको, छर्रा त्यावरून परत उडतो. महिन्याला रद्दी बदला, शिसं वेगळं गोळा करा. खोक्याच्या मागच्या बाजूला दार, खिडकी, वाट काहीही नको. चुकलेला छर्रा उघड्यावर दोनशे मीटरच्या पलीकडेही जातो. सराव चालू असताना दाराला आतून कडी, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवा, मगच चहा-खाणं. छर्रे तोंडात धरून उभं राहायची काही जणांना सवय असते. ती आजच सोडा.

९. पहिले पाचशे छर्रे

नवी स्प्रिंगर पहिल्या काही डझन छर्ऱ्यांना धूर सोडते, कारण आतलं जादा तेल जळतं. घाबरू नका, पण म्हणून वरून आणखी तेलही घालू नका. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल हवेच्या कप्प्यात गेलं तर आत स्फोटासारखं पेटतं आणि सील फाटतं. दर शंभर छर्ऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू तपासा, झटक्यानं ते ढिले होतात आणि आपण साइटला दोष देत बसतो.

सगळ्यात महत्त्वाची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या: नळी मोडलेली असताना, छर्रा भरेपर्यंत, दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची. ट्रिगर चुकून सुटला तर नळी सापळ्यासारखी मिटते आणि बोट तुटतं. नळी ताणून ठेवलेली रायफल कोपऱ्यात उभी करायची नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही.

पहिल्या दोनशे छर्ऱ्यांत साइट फिरवू नका. त्या वेळात रायफल बसते आणि तुमचे खांदे बसतात. नंतर पाच छर्रे झाडा आणि त्या घोळक्याचा मध्य बघा. मागची साइट, ज्या बाजूला छर्रे न्यायचे आहेत त्याच बाजूला सरकवा. डावीकडे लागत असतील तर साइट उजवीकडे. एका छर्ऱ्यावरून कधीच ठरवू नका.

आणि प्रत्येक कागद जपून ठेवा. मागच्या बाजूला तारीख, छर्ऱ्याचं नाव, किती झोप झाली होती, एवढं लिहा. मुलीचा पहिल्या महिन्याचा कागद माझ्याकडे आहे: साठ छर्रे, त्यांतले अकरा काळ्या वर्तुळाच्या बाहेर, दोन तर कागदालाही लागलेले नाहीत. परवाचा कागद त्याच्याशेजारी टाचणीनं लावलाय. त्यात सगळी भोकं मिळून एकच फाटकं भोक झालंय, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं.